कावळेसड्यावरचं पहिलं घर

भिकाजी नागवेकरांना आमच्या कॉलनीत सगळे सारंगकाका म्हणत. बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात, आणि काकांचं अर्धं आयुष्य मालवाहू बोटींवर त्याच कामात गेलं होतं. जन्म रत्नागिरीतल्या मांडवीचा. घराच्या पाठीमागे माड, पुढे वाळू. असा माणूस नोकरी संपल्यावर समुद्राकडे तोंड करून बसेल असं कुणालाही वाटलं असतं. काकांनी उलटंच केलं. १९८० साली मांडवीतला आपला वाटा त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकला आणि शहराबाहेर, कोल्हापूरच्या रस्त्याला, कावळेसड्यावर घर बांधायला काढलं.

तेव्हाचा कावळेसडा म्हणजे नुसता कातळ. पावसाळ्यात त्यावर गवत आणि बारीक निळी फुलं यायची. दिवाळीनंतर सगळं करपून काळा, तापलेला दगड उरायचा. झाड म्हणून नाही. मांडवीची माणसं हसली. "बोटीवर ऊन कमी लागलं काय रे भिकाजी?" असं भावानंच विचारलं. यमुनाबाई, म्हणजे काकी, त्यांच्या तर डोळ्यांचं पाणी खळेना. हे सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं. आम्ही त्र्याऐंशी साली इथं राहायला आलो तेव्हा आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये एक बुटका चिऱ्यांचा गडगा होता, आणि दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना उभ्या असायचो.

काकांच्या डोक्यात हे आलं ते अलोऱ्यामुळे. त्यांची एकुलती एक मुलगी, दमयंती, कोयना प्रकल्पावर काम करणाऱ्या मुलाला दिली होती आणि अलोऱ्याच्या कॉलनीत राहत होती. काका सुट्टीवर आले की तिच्याकडे जायचे. ओळीनं बांधलेली घरं, संध्याकाळी पोरांचा कालवा, वाटी घेऊन साखर मागायला येणारी शेजारीण, हे त्यांना फार आवडायचं. महिनोन्‌महिने पाण्यावर राहिलेला माणूस. त्याला शेजाराची भूक लागली होती.

"अहो, मग शेजार जिथं आहे तिथं घर घ्या ना," काकी म्हणाल्या होत्या.

"येतील गं माणसं. रत्नागिरी आता शहरात मावत नाही. कुणीतरी आधी जायला हवं, एवढंच."

घर बांधायचं तर पाणी हवं. कातळात विहीर खणून पाहिली, कोरडी गेली. तेव्हा सड्याच्या उताराखालून एक माणूस वर आला, खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, "हितं कशाला लागंल पाणी? सगळा पाऊस खाली आमच्याकडं उतरतो."

तो काशीराम बंडबे. सड्याच्या पायथ्याशी कुणब्यांची पाच-सात घरं होती, ती बंडबेवाडी. तिथं डोंगराच्या पोटातून एक झरा बाहेर यायचा. बारा महिने वाहायचा, आणि मे महिन्यातसुद्धा त्याचं पाणी दातांना लागेल इतकं गार. वाडीची भातं, गुरं, माणसं सगळी त्यावर. सडाही काशीरामच्याच घराण्याचा; काकांनी घेतलेला तुकडा तेवढा त्याच्या चुलत्यानं विकलेला. त्यावर त्याची गुरं चरायची आणि शाकारणीचं गवतही तिथूनच निघायचं.

काकांचं घर उभं राहीपर्यंत त्या झऱ्याचं पाणी वर आणलं ते काशीरामच्या बायकोनं, जनीनं. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि चढायला दगडी पायऱ्यांची पाखाडी. बांधकामाला लागायचं ते पाणी गड्यांनी वाहिलं. पण प्यायचं आणि स्वयंपाकाचं जनीच आणून द्यायची. काकी तिला म्हणायच्या, "बाई, जरा दम खा." ती पायरीवर टेकायची आणि सड्याकडे बघत म्हणायची, "वैनी, तुमाला भ्याव नाय वाटत? हितं रातचं कोण हाय?"

"तुम्ही आहात की खाली."

"आमी हावच. हाक मारलीत तर ऐकू येल."

आणि खरंच, पहिली दोन वर्षं ती हाक हाच काकाकाकींचा आधार होता. काशीराम संध्याकाळी दूध घेऊन वर यायचा आणि पडवीत बसायचा. काका बोटीवरच्या गोष्टी सांगायचे: कुठं बर्फात बंदर गोठलेलं, कुठं माकडं डेकवर चढलेली. काशीराम ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "तिकडं भात पिकतं काय?" नाही म्हटलं की त्या देशाबद्दलची त्याची उत्सुकता संपायची. शिमग्याला वाडीची पालखी काकांच्या अंगणात थांबवायला सांगितलीन ती काशीरामनंच. मांडवीतून भाऊ आला होता, तो पाहतच राहिला. काकांना जन्मात एवढा आनंद झाला नव्हता, असं काकी म्हणायच्या.

मग शहरातला एक प्लॉटवाला फिरत फिरत सड्यावर आला. एकट्या घरातला कंदील त्याला कोल्हापूरच्या रस्त्यावरून दिसला होता. त्यानं काकांना विचारलं, काकांनी काशीरामला.

हे बोलणं काकींच्या समोर झालं. जनीही होती.

काका म्हणाले, "काशीराम, हा कातळ तुला काय देतो? गवताचे चार भारे. इथं घरं झाली तर दुधाला गिऱ्हाईक दारात येईल. तुझा पोरगा, रघू, मुंबईत खोलीसाठी वणवण करतोय ना, त्याची सोय होईल. रस्ता येईल, दिवे येतील. वाडीला पण येतील."

"खरं हाय तुमचं," काशीराम म्हणाला.

जनी म्हणाली, "आणि गुरं कुटं चरायची?"

"अगं, गुरं काय, खालच्या बाजूला चरतील," काकाच म्हणाले. "मी आहे ना. मी काय वाईट सांगेन?"

जनीनं रिकामी कळशी उचललीन आणि पाखाडी उतरून गेली. काशीरामनं सडा विकला. झऱ्याच्या वरची उतरण आणि भातशेती तेवढी ठेवली.

काका म्हणाले तसं सगळं झालं. फार लवकर झालं. चुन्याच्या रेघा पडल्या, चिऱ्यांचे ट्रक आले. अलोऱ्याचं काम आटपत आलं होतं, तिथल्या दोन-तीन कुटुंबांना दमयंतीच्या नवऱ्यानंच इकडे पाठवलं. मग औद्योगिक वसाहतीतले कामगार, शाळामास्तर, तहसीलदार कचेरीतले कारकून, पोस्टातले, बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या बायका. आम्ही आलो तेव्हा घरांच्या दोन ओळी पुऱ्या झाल्या होत्या. काकांनी डेपोत खेटे घालून एस.टी.चा विनंती थांबा मंजूर करून आणला. नवीन माणूस सामान घेऊन उतरला की काका खांद्यावर पंचा टाकून हजर. गवंडी कुठला चांगला, लाइटवाला कुठं भेटेल, दूध कुणाकडून घ्यायचं, सगळं तेच सांगणार. दूध अर्थात काशीरामचं.

"कावळेसडा" हे नाव नव्या लोकांना पत्त्यावर घालायला बरं वाटेना. गच्चीवर चढलं की पश्चिमेला समुद्राची एक बारीक रेघ दिसते; तेवढ्यावरून "सागरदर्शन नगर" अशी पाटी लागली. काका हसले. "समुद्र सोडून इथं आलो, तर तुम्ही त्यालाच घेऊन आलात." पण पाटी लावायला शिडी त्यांनीच धरली.

टँकरच्या पाण्यावर दिवस काढल्यावर चौऱ्याऐंशीच्या सुमाराला कॉलनीत नळ आले. ज्याच्या त्याच्या परसात संडास होतेच, त्यांच्या टाक्या होत्या आणि टाकीतलं पाणी मुरायला शोषखड्डे. कातळ खणला की सच्छिद्र जांभा लागायचा. खड्डा कधी भरायचाच नाही. गवंडी म्हणायचे, "हितला दगड बेस. कितीबी सोडा, पिऊन टाकतो." सगळ्यांना ती मोठी सोय वाटली. काकांनाही.

वाडीला मात्र नळ आला नाही. तिथली माणसं म्हणाली, आम्हाला नळ काय करायचाय? झरा आहे.

शहाऐंशीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी वाडीत कावीळ सुरू झाली. आधी चिमाचा नातू. चिमा म्हणजे काशीरामची शेजारीण. पोरगा बरा झाला. मग आणखी दोघं. कुणाला वाटलं उघड्यावरचं काही खाल्लं असेल, कुणी म्हणालं मुंबईहून आलेल्यांनी आणली. शेवटी जनीचे डोळे पिवळे झाले. लावणीचे दिवस होते. तिनं कुणाला सांगितलंच नाही. चिखलात उभी राहून रोपं लावत होती. झाडपाल्याचं औषध घेतलंन, पथ्य म्हणून नुसता भात खाल्लान, आणि पुन्हा शेतात गेली. बांधावर चक्कर येऊन पडली तेव्हा काशीराम धावत वर आला. काकांनी रिक्षा आणली. सरकारी इस्पितळात तिला दोघांनी उचलून नेलं. दुसऱ्या दिवसापासून ती बरळायला लागली, कुणाला ओळखेना. काकी तिच्या उशाशी बसून होत्या. तिनं डोळे मिटले तेव्हाही त्याच होत्या.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं काशीरामला विचारलं होतं, "पाणी कुठलं पिता?"

"झऱ्याचं. स्वच्छ हाय. डोंगरातनं येतं."

"डोंगरावर काय आहे?"

काशीरामला प्रश्न कळला नाही. शेजारी काका उभे होते, त्यांना कळला.

बारावं होईपर्यंत काका धड जेवायचे नाहीत. काकींना वाटलं जनीचं दुःख. मग एक दिवस ते बाजारातून लाल रंगाच्या पुड्या घेऊन आले, कापड रंगवतात तो पक्का रंग. पूर्वी बोटीवर टाकी कुठं गळते ते शोधायला पाण्यात रंग सोडत असत. काकांनी बादलीत रंग कालवला आणि आपल्या संडासात ओतला. पुन्हा कालवला, पुन्हा ओतला. काकी विचारत राहिल्या, अहो, हे काय चाललंय? ते म्हणाले, "बघू दे मला."

त्यानंतर रोज सकाळी पांढरा कप घेऊन ते पाखाडी उतरायचे आणि झऱ्याखाली तो धरायचे. पाऊस लागून राहिला होता. काही दिवस पाणी स्वच्छ येत होतं, आणि काका वर येऊन थोडा चहा घेत होते. मग एका सकाळी ते वर आले आणि कप काकींच्या पुढ्यात ठेवला. पाणी अगदी फिक्कं, जास्वंदीचं फूल चुरून धुतल्यासारखं गुलाबी होतं. काकी मला म्हणाल्या, "मी तो कप फोडून टाकला. पण त्यानं काय होणार?"

"कुणाला सांगू नका," असंही काकी त्यांना म्हणाल्या होत्या. "एकट्या आपल्या टाकीचं थोडंच असेल? एवढी घरं आहेत."

"एवढी घरं आणली कुणी?" काका म्हणाले आणि तसेच खाली गेले.

काशीराम खळ्यात बसून पावसाळी इरलं दुरुस्त करत होता. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रंग, टाकी, कप. झऱ्याचं पाणी आजपासून कुणी पिऊ नका म्हणून सांगितलं. काशीरामनं हातातलं काम थांबवलं नाही. इरल्याचा बंध आवळत म्हणाला, "घर बांधलंत तवा ह्येच पाणी प्यायलात तुमी."

"होय रे."

"तिनंच आणलंन."

"होय."

"मग आता मला हे सांगायला कशाला आलात, सारंगभाऊ?"

काका म्हणाले, "तुला कळायला नको?"

"कळून मी काय करू?" काशीराम पहिल्यांदा वर बघत म्हणाला. "नसतं सांगितलंत तर म्हटलं असतं, देवानं नेलीन. तुमच्या पडवीत येऊन बसलो असतो. तिच्याबद्दल बोलायला दुसरं हाय कोण मला? आता त्येबी गेलं."

काका त्या दिवशी भर पावसात छत्री न उघडता वर आले. ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं. तेव्हा मला वाटलं, छत्री मोडली असेल.

काकांनी कॉलनीची बैठक बोलावली. गणपतीचा मांडव नुकताच उभा राहिला होता, त्यातच सगळे बसले. काकांनी सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे काका, आम्ही संडासाला जायचं नाही का?" कुणीतरी म्हणालं, आणि थोडं हसणं झालं.

काका हसले नाहीत. "टाक्या नीट बांधून घेऊ. खड्डे लांब, रस्त्याच्या बाजूला नेऊ. आणि आपल्या लाइनीवरून वाडीला एक नळ देऊ. एवढंच मागतोय."

सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "वाडी आपल्या सोसायटीत येत नाही. आपल्यालाच पाणी पुरत नाही उन्हाळ्यात. आणि काका, रंग तुमच्या टाकीचा आला. आमच्या टाक्यांचं कुणी बघितलंय?"

"मग बघू. मी रंग आणून देतो. टाका."

कुणीच रंग मागितला नाही. अलोऱ्याहून आलेले एक गृहस्थ, ज्यांना काकांनीच प्लॉट दाखवला होता, हळूच म्हणाले, "काका, हे बाहेर पसरलं तर आपल्या सगळ्यांचंच नाव खराब होईल. तुम्ही तर इथले पहिले." मग आरतीची वर्गणी कुणाकडे द्यायची यावर बोलणं गेलं. आमचे हे तिथं होते. घरी येऊन जेवायला बसले आणि म्हणाले, "सारंगकाका म्हणतात ते खरं असणार." पण मांडवात तेही काही बोलले नव्हते.

काकांनी मग कुणाला विचारलं नाही. आपला शोषखड्डा बुजवला, नवी पक्की टाकी बांधली. आपल्या नळाला जोड देऊन काळा पाइप आणला आणि दोन गडी घेऊन पाखाडीच्या कडेनं खाली वाडीपर्यंत पुरत नेला. त्या वयात स्वतः पहार मारत होते. दिवाळीला वाडीत पाणी पोचलं. चिमानं पाइपच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, बाया भांडी घेऊन आल्या. एका घरातून मात्र कुणी आलं नाही. काशीराम कावड घेऊन शेतं ओलांडून पलीकडच्या गावच्या विहिरीवर जायचा आणि तिथून पाणी आणायचा. दूध घेऊन वर यायचं त्यानं बंद केलं होतं. चिमाची सून रतीब घालायची. त्या शिमग्याला पालखी वर आली, पण काकांच्या दारापुढून सरळ निघून गेली. खांद्यावर घेणाऱ्यांत काशीराम होता. दारात पाटावर ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

काका तरी जात राहिले. आठवड्यातून एकदा पाखाडी उतरून काशीरामच्या खळ्याच्या कडेला उभे राहायचे. काशीराम "या" म्हणायचा नाही, "जा" म्हणायचा नाही. एकदा काकींनी विचारलं, कशाला जाता? तर म्हणाले, "तो बोलला तर? मी नसेन तिथं."

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात रघू मुंबईहून आला आणि बापाला घेऊन जायला निघाला. म्हातारा एकटा, शेत कोण करणार, असं म्हणत होता. त्याचंही चुकीचं नव्हतं. सकाळच्या गाडीला काशीराम विनंती थांब्यावर येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात बोचकं. काका आधीच तिथं होते. आम्ही दोन-तीन बायकाही बाजारात जायला उभ्या होतो. दोघं म्हातारे शेजारी शेजारी उभे होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. गाडी आली. काकांनी बोचकं उचलून आत दिलं, काशीरामनं ते देऊ दिलं. पायरीवर पाय ठेवून तो म्हणाला, "वैनींना सांगा, कपिला चिमाकडं ठेवलीय. व्यायला झालीय ती. लक्ष ठेवा म्हणावं."

"ठेवतो," काका म्हणाले. "काशीराम..."

कंडक्टरनं घंटा मारली.

काशीराम परत आला नाही. लालबागला रघूच्या खोलीत दीड वर्षानं गेला असं कळलं. काका तेव्हा निघायला तयार झाले होते, पण बातमीच तेराव्यानंतर आली होती. कुणी मुद्दाम कळवली नव्हती. चिमाच्या जावयानं बोलता बोलता सांगितली.

त्यानंतर रघूनं खालची जमीन विकली, झऱ्याच्या वरची उतरण आणि भाताचे कुणगेसुद्धा. तिथंही चुन्याच्या रेघा पडल्या. काकांनी त्याला पत्र घातलं, माणूस पाठवला, तो म्हणाला, "आमी तिकडं राहणार नाय, मग ठेवून काय करू?"

एकोणनव्वदच्या थंडीत एक जोडपं प्लॉट बघायला आलं. नवरा कुठल्यातरी बँकेत, बायको पोटुशी. एजंट त्यांना उतरणीवर फिरवत होता. काका पाखाडीवर बसलेले होते, तसे ते हल्ली रोजच बसायचे. बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही इथले जुने ना? पाणी कसं आहे हो इथलं?"

"नळाचं घ्या," काका म्हणाले. "उकळून घ्या. खाली झरा दिसेल, फार सुंदर दिसतो. त्याचं तोंडात घेऊ नका. वरच्या घरांचं सगळं त्यात उतरतं."

एजंट पुढं झाला. "म्हातारबाबांचं मनावर घेऊ नका. डोकं फिरलंय त्यांचं, सगळ्यांना हेच सांगतात."

नवऱ्यानं काकांकडे नीट पाहिलं. "मग तुम्ही इथं कसे राहता?" त्यानं विचारलं. खवचटपणे नाही, अगदी मनापासून.

काका काठी टेकून उठले आणि सावकाश वर चढायला लागले.

त्या जोडप्यानं प्लॉट घेतला. पुढच्या वर्षी घर झालं, वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला दोघं तान्ह्या मुलीला घेऊन आले. यमुनाबाई तिच्यासाठी झबलं घेऊन गेल्या. काका घरीच थांबले. बरं नाही म्हणून सांग, असं त्यांनी काकींना सांगितलं होतं, आणि काकींनी तसं सांगितलं.